ठळक टायपातले ‘इटियाडोह’

* इटियाडोह (धरण) आणि गोठणगाव ही स्थलनामे येथे मुद्दाम जुन्या वळणाच्या ठळक टायपात घेतली आहेत. देवनागरीला रोमनसारखे सेरिफ (रेषांच्या टोकांची छोटी आडवी रेघ) नसतात, मग ‘जुने वळण’ कसले, ही शंका रास्त आहे. पण आपल्या अक्षराचे जाड-बारीकपण तिरक्या कापलेल्या बोरूतून आले, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) राणोजी आरू यांनी कोरलेल्या खिळ्यांत (टायपांत) तेच जपले. सगळ्याच रेषा सारख्या फुगवल्या की ‘ड’चे पोट आणि ‘ह’ची वळणे शाईने बुजतात, म्हणून जाडी मुख्यतः जाड रेषांनाच द्यावी. एकसारख्या जाडीचे अक्षर धरणावरच्या पाटीला शोभते, हे मान्य. दहा पॉइंटांच्या ओळीत मात्र त्याचा नुसता डाग होतो. अख्खा परिच्छेद ठळक छापणे तर दोन्ही प्रकारच्या अक्षरांत व्यर्थच.