संजीवनी कोणाच्या हाती?

आकाशयाने, यंत्रमानव आणि परग्रहावरचे पाहुणे यांनी भरलेल्या चित्रपटांत धर्माला जागा कोठली, असे पुष्कळांना वाटते. देव्हारा बाहेर ठेवूनच विज्ञान या नाट्यगृहात शिरले, अशी एक समजूत रूढ आहे. इतिहास निराळे सांगतो. १९५० च्या सुमारास हॉलिवुडच्या ज्या चित्रपटांनी हा प्रकार लोकप्रिय केला, त्यांत धर्म आहेच. मात्र तो कोणत्या दाराने आत आला हे पाहण्यासारखे आहे. कधी लेखकाने त्याला गुपचूप आत घेतले, तर कधी परीक्षकांनी बळेच आत लोटले. रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ या १९५१ च्या चित्रपटात ही दोन्ही दारे उघडलेली दिसतात.

कथा थोडक्यात अशी. वॉशिंग्टन शहरात एक यान उतरते. त्यातून क्लाटू नावाचा मनुष्यासारखाच दिसणारा पाहुणा आणि गॉर्ट हा प्रचंड यंत्रमानव बाहेर येतात. स्वागत होते ते बंदुकीच्या गोळीने. इस्पितळातून निसटलेला क्लाटू सामान्य माणसांत मिसळतो, आणि त्या वेळी तो नाव घेतो ‘कार्पेंटर’, म्हणजे सुतार. पुढे सैनिक त्याला ठार मारतात, गॉर्ट त्याचा देह यानात नेऊन त्यात प्राण आणतो, आणि अण्वस्त्रे हाती आलेल्या मानवजातीला निर्वाणीचा इशारा देऊन तो आकाशात निघून जातो. येशू हा सुताराच्या घरी वाढला, मारला गेला, पुन्हा उठला आणि स्वर्गी गेला, ही ख्रिस्ती कथा ज्याला ठाऊक आहे त्याला आणखी काही सांगावयास नको. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी हे साम्य हेतुपुरस्सर पेरले होते. पुढे त्यांनी सांगितले की, तो आपला खासगी विनोद होता आणि निर्मात्याशी वा दिग्दर्शकाशी आपण त्याविषयी बोललोही नव्हतो. वाइज यांनाही हे साम्य पुढे इतरांनी दाखविल्यावरच उमगले. ज्या कथेवरून हा चित्रपट बेतला ती हॅरी बेट्स यांची १९४० ची ‘फेअरवेल टु द मास्टर’ ही कथा. तिच्यात यातले काही नाही. तेथे यंत्रमानव मृत क्लाटूच्या ध्वनिमुद्रित आवाजावरून नवा देह घडवू पाहतो, आणि अखेरीस कळते की धनी यंत्र होते, सेवक नव्हे.

विनोद लपला, पण पुनरुज्जीवन लपणे शक्य नव्हते. त्या काळी हॉलिवुडचे चित्रपट एका नियमावलीप्रमाणे तपासले जात. १९३० साली ती स्वीकारली गेली, १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांच्या कार्यालयाने ती कडकपणे अमलात आणली आणि १९६८ पर्यंत ती टिकली. मेलेला जिवंत करणे हा केवळ ईश्वराचा अधिकार, यंत्राला तो कसा मिळाला, अशी या कार्यालयाची हरकत. तडजोड म्हणून क्लाटूच्या तोंडी एक खुलासा घातला गेला: जीवन-मरणाची सत्ता त्या सर्वशक्तिमान आत्म्याचीच आहे, आपली युक्ती फार तर काही काळापुरते प्राण परत आणू शकते. चित्रपटात देवाचे नाव सर्वांत स्पष्टपणे येते ते असे, कार्यालयाच्या आज्ञेने!

धर्मोपदेशकाला विदूषक किंवा खलपुरुष म्हणून रंगवू नये, असेही एक कलम त्या नियमावलीत होते. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतला पाद्री भित्रा, रडवा आणि शेवटी भ्रमिष्ट झालेला आहे. १९५३ च्या चित्रपटात त्याच्या जागी धर्मग्रंथ हाती घेऊन मंगळवासीयांना निर्भयपणे सामोरा जाणारा आणि प्राण गमावणारा पाद्री आला, आणि शेवटही चर्चमध्ये झाला. मात्र शत्रूला मारणारे सूक्ष्म जंतू ही ईश्वरी योजना, हे शब्द चित्रपटवाल्यांनी पदरचे घातले असे कोणी समजू नये. ते मूळ कादंबरीतच आहेत.

आता क्लाटूच्या त्या खुलाशाकडे पुन्हा वळू. कीर्तनात कच-देवयानीचे आख्यान ऐकलेल्या, किंवा खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ पाहिलेल्या आपल्या वाचकाला ब्रीन यांच्या कार्यालयाची हरकत थोडी परकी वाटेल. महाभारताच्या आदिपर्वात संजीवनी ही विद्या आहे. ती असुरांच्या गुरूला, शुक्राचार्यांना, अवगत आहे. बृहस्पतीचा पुत्र ती शिकण्यासाठी शत्रूच्या घरी शिष्य होऊन राहतो, मारला जातो, आणि पुन्हा पुन्हा उठतो. मेलेला उठला याचा विषाद तेथे कोणास नाही. भांडण आहे ते विद्या कोणाला द्यावी याचे. देवयानी शापते की ही विद्या तुला फळणार नाही. कच उत्तरतो की मी ज्याला शिकवीन त्याला तर फळेल. आपल्या परंपरेत मृत्यूला मर्यादाच नाही असे मात्र कोणी समजू नये. सावित्रीलाही यमाकडे मागणेच मागावे लागले. पण प्राण परत आणणारी विद्या कोणा जाणत्याच्या हाती असू शकते, एवढ्यावरून कोणाचा देव उणा झाला नाही.

२००८ साली याच चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली. नियमावली केव्हाच गेली होती. त्यात क्लाटू मेलेल्या पोलिसाला जिवंत करतो आणि कोणताही खुलासा करीत नाही. ते पाहिलेला एक मुलगा त्याला आपल्या वडिलांच्या थडग्यापाशी नेतो व त्यांनाही उठव म्हणतो. क्लाटूला ते जमत नाही. मुलाचे सांत्वन तो करतो ते असे की, विश्वात खरे मरण कशालाच नाही, सर्व केवळ रूपांतर पावते. गीतेचा दुसरा अध्याय पाठ असलेल्यांचे कान येथे टवकारतील. पण क्लाटूचे हे बोलणे जडसृष्टीचे आहे, त्यात आत्म्याचा उल्लेख नाही, आणि मुलाचे रडणे त्याने थांबतही नाही.