मनिऑर्डरीवर जगलेला मुलूख

गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन दिवसांत रत्नागिरीच्या रेल्वेस्थानकावर थोडा वेळ उभे राहावे. या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास पिशव्या आणि पोरेबाळे सांभाळत गाडीतून उतरताना दिसतो. या माणसांचे शिक्षण मुंबईचे, रोजगार मुंबईचा, कित्येकांचा जन्मही मुंबईचाच. तरी 'गाव' म्हटले की त्यांच्या तोंडी नाव येते ते इथल्याच एखाद्या वाडीचे. गौरी-गणपती झाले की तीच गर्दी परत फिरते आणि घरांना पुन्हा कुलपे लागतात. आपण यांना 'चाकरमानी' म्हणतो. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्यामागे एका मोठ्या स्थलांतराचा इतिहास आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

एकोणिसावे शतक हे जगभरच्या स्थलांतरांचे शतक होते. त्यांतले सर्वांत गाजलेले अमेरिकेतले. अटलांटिकच्या किनाऱ्याकडची माणसे बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली आणि पॅसिफिक महासागरापर्यंत पसरली. त्यावर कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले; आपल्या मुलांनाही ते ठाऊक असते. त्याच काळात कोकणातला शेतकरी गलबतात आणि पुढे आगबोटीत बसून मुंबईला निघाला. त्याची कथा मात्र त्याच्या नातवंडांनाही धड माहीत नाही. या दोन प्रवासांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो कापसाचा आहे.

एका युद्धाचे दोन परिणाम

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या कष्टावर कापूस पिकवणारी दक्षिणेची राज्ये फुटून निघाली आणि त्यांचे प्रतिनिधी विधिमंडळातून बाहेर पडले. पश्चिमेची जमीन लहान शेतकऱ्यांना वाटण्यास याच प्रतिनिधींचा विरोध होता. तो नाहीसा होताच २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी प्रसिद्ध 'होमस्टेड' कायद्यावर सही केली. १६० एकर सरकारी जमीन घ्यावी, तिच्यावर घर बांधावे, पाच वर्षे ती कसावी, म्हणजे ती कसणाऱ्याच्या मालकीची, असा हा कायदा. अविवाहित स्त्री किंवा विधवा हिलाही अशी जमीन मागता येत असे.

त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि देशावरचा कापूस थेट बंदरात उतरू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, सट्टेबाजांच्या पेढ्या बुडाल्या. पण शहर वाढतच राहिले. १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली होती. शतक संपेपर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. त्यांना हवे होते हात, आणि ते पुरवले मुख्यतः रत्नागिरीने.

१८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यांतले सुमारे सव्वा लाख लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. म्हणजे दर सहा मुंबईकरांत एक आपला! (त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग मोडत होता, तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला.) १९११ पर्यंत हा आकडा दोन लाखांपलीकडे गेला.

कसणारा एक, धनी दुसरा

इतकी माणसे गाव सोडून का गेली? डोंगराळ कातळाची जमीन आणि एकच भातपीक हे एक कारण खरे. पण दुसरे कारण माणसाने निर्माण केलेले होते, ते म्हणजे खोती. गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा खोत हा हळूहळू गावाचाच धनी होऊन बसला. कूळ पिढ्यानपिढ्या जमीन कसे आणि पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताच्या अंगणात नेऊन टाके. याखेरीज वेठ होतीच. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवहाराला काही नियम घालून दिले. खोती मात्र राहिली.

अमेरिकेत पाच वर्षे कसणाऱ्याला जमीन मिळत होती, तेव्हा रत्नागिरीत पाच पिढ्या कसणाऱ्यालाही ती मिळत नव्हती. मग खोताचा हिस्सा, सावकाराचे व्याज आणि मुलांचे पोट यांचा मेळ घालायला घरातला एक पुरुष मुंबईला धाडणे एवढाच मार्ग उरे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. कायदा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

खोली आणि कूड

मुंबईला पोहोचलेला माणूस उतरे तो आपल्या गावकऱ्यांच्या खोलीवर. लालबाग, परळ, नायगाव, वरळी येथल्या चाळींत अशा असंख्य खोल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसे. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा पाठ टेकी. जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे. कोणाला काम मिळवून द्यायचे, आजाऱ्याला गावी कोण पोहोचवील, गावच्या देवळासाठी किंवा शाळेसाठी वर्गणी किती, हे सारे त्या खोलीत ठरे. गाव मुंबईत जसेच्या तसे पुन्हा मांडले गेले होते. त्यात बायका-मुले तेवढी नव्हती.

आपल्या वाचकांना यावरून गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांच्या 'कूडां'ची आठवण होईल. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे कूड असत. भिंतीला ओळीने पत्र्याच्या पेट्या, समोर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली जपमाळ. बोटीवर चाकरीला जाणारा खलाशी किंवा आचारी तिथे थांबे. धर्म वेगळा, भाषा थोडी वेगळी, पण परक्या शहरात माणूस हरवू नये म्हणून दोन्ही समाजांनी शोधलेला उपाय एकच होता.

मागे राहिलेल्या

अमेरिकेतला स्थलांतरित बहुधा कुटुंब घेऊन निघाला आणि परतला नाही. आपला माणूस एकटाच निघाला आणि दरवर्षी परतला. शहरातल्या मजुरीत आणि त्या खोलीत कुटुंब मावणे शक्यच नव्हते. १९११ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे ५३० आणि रत्नागिरीत हजाराहून अधिक. एकाच संसाराचे दोन तुकडे या दोन आकड्यांत नोंदलेले आहेत.

मागे राहिलेल्या स्त्रीने काय केले, याची नोंद क्वचितच कोणी केली. कवळ तोडून राब भाजणे, तरवा काढणे, गुडघाभर चिखलात लावणी, मग नाचणी-वरीची वरकस जमीन, गुरे, सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा, शिवाय खोताचा तगादा. पुरुषांचा मुंबईचा रोजगार चालला तो मागे हा सारा गाडा कोणीतरी ओढत होते म्हणून. गिरणीमालकाला मजुराच्या कुटुंबाचा खर्च पगारात धरावा लागला नाही, कारण तो खर्च कोकणातली बाई आपल्या अंगमेहनतीने भागवत होती. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबई ओस पडली तेव्हा परतलेल्यांना या बायकांनीच सांभाळले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबतच गेला, तेव्हाही कित्येक घरांत चूल पेटली ती त्यांनी पिकवलेल्या भातावर. २०२० च्या महामारीत माणसे पुन्हा याच दारांशी आली.

काही वर्षांपूर्वी येथून जवळच्या एका वाडीत मी एका वृद्ध बाईंना भेटलो. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. त्यात मनिऑर्डरीची कुपने नीट बांधून ठेवली होती. टपाल खात्याने १८८० मध्ये सुरू केलेली ती मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. प्रत्येक कुपनावर दोन ओळी: पैसे पोचल्याचे कळव, बैलाला जप, थोरल्याला शाळेत पाठव. पती ३४ वर्षे गिरणीत होते. 'वर्षाला एक महिन्याची रजा,' बाई म्हणाल्या. 'हिशेब करा, फादर. पुरती तीन वर्षंसुद्धा आमचा संसार झाला नाही.' मी विचारले, शेत कोणाच्या नावावर? 'त्यांच्याच. मी काय, कसणारी.'

खोती गेली, कूळकायदा आला, सात-बारावर कुळांची नावे चढली. परंतु बहुतेक ठिकाणी ते नाव मुंबईतल्या पुरुषाचे होते. वर्षानुवर्षे चिखलात उभ्या असलेल्या बाईचे नव्हते.

हिशेब

अमेरिकेतल्या त्या फुकट जमिनीची किंमत दुसऱ्यांनी मोजली होती, हेही विसरता येत नाही. ती रिकामी नव्हतीच. १८३० च्या कायद्याने तेथील मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हुसकावण्यात आले. १८३८-३९ च्या हिवाळ्यात चेरोकी लोकांची जी सक्तीची पायपीट झाली, तिच्यात हजारो माणसे दगावली. रत्नागिरीच्या माणसाने कोणाला बेघर केले नाही. त्याने शहर उभारले, पण त्या शहरात त्याला जमीन मिळाली नाही. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे आणि बाजारसंकुले आली. कामगारांना घरे मिळावीत म्हणून लढे झाले, काहींना ती मिळाली, अनेक जण वाट पाहतच गेले.

गावाचेही तसेच झाले. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती; २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. पूर्वी पुरुष जात आणि घर उघडे राही. आता मुलेही आईवडिलांना घेऊन जातात आणि घर बंद होते.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असा एखादा डबा असेल: कुपने, पत्रे, कुडाची पावती, बोटीवरच्या नोकरीचे पुस्तक. तो भंगारात जाण्यापूर्वी उघडा. घरातल्या आजीजवळ बसा आणि तिला विचारा, आजोबा नसताना शेत कोणी नांगरले, कर्ज कसे फेडले. ती सांगेल ते तारखेनिशी उतरवून ठेवा. आणि सात-बाऱ्याचा उतारा हाती आला तर त्यावर तिचे नाव आहे का, तेही पाहा. नसेल, तर ती हयात आहे तोवर ते लावून घ्या.