कुलाबा ७३, सांताक्रूझ ९४४

'हवामान बदल आणि शहर' असा विषय पीएचडीला घ्यायचा विचार असेल, तर आधी दोन आकडे वहीत लिहून घ्या. २६ जुलै २००५, मुंबई. सकाळी साडेआठपासून पुढच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला ७३.

मग त्या दिवशी 'मुंबईत' पाऊस किती पडला? सरासरी काढलीत तर ५०० च्या आसपास आकडा येईल. तेवढा पाऊस या दोन्हींपैकी कुठेच पडलेला नाही.

बरं, सांताक्रूझचा आकडा धरला, तरी कुर्ला-कलिन्यात मिठीकाठी पाणी इतकं का चढलं, हे पर्जन्यमापक सांगत नाही. त्यासाठी जमिनीचा इतिहास काढावा लागतो. विमानतळापाशी नदीला काटकोनी वळणं दिलेली. खाली भरतीचं पाणी जिथे पसरायचं, त्या खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलेलं. पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही ओहोटी धरून. आणि त्या दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती! पाणी जाणार कुठे?

पूर ओसरल्यावर बोट दाखवलं गेलं ते झोपडपट्ट्यांकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांकडे. माधव चितळे समितीच्या २००६ च्या अहवालात अतिक्रमणं आहेतच, पण भराव आणि विमानतळाजवळचा वळवलेला प्रवाहही आहे. अहवाल मुळातून वाचा, बातम्यांवर भागवू नका. 'क्लायमेट चेंजमुळे पूर आला' असं एका ओळीत लिहिलंत, की भरावाला परवानगी देणारे आपोआप सुटतात, आणि घर हलवायची पाळी नदीकाठच्या माणसावरच येते. पाऊस का पडला आणि पाणी कुठे साचलं, हे दोन प्रश्न आहेत. त्यांची कागदपत्रंही वेगळी.

आणखी एक, हे माझ्या मते जास्त फसवं आहे. २००५ नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. चांगलंच झालं. पण यंत्रं वाढली की एखाद्या वस्तीपुरता कोसळलेला पाऊसही नोंदीत येतो, जो पूर्वी दोन वेधशाळांच्या मधून निसटून जायचा. त्यामुळे शहरातली 'सर्वाधिक नोंद' वाढलेली दिसली, तर आधी त्या वर्षी किती पर्जन्यमापक होते ते मोजा. दीर्घकाळाचा कल काढायचा असेल तर जुनी दोनच ठिकाणं धरा, आणि वस्तीचा अभ्यास करायचा असेल तर नवी.