तारेगनाची पावणेचार मिनिटं

21 जुलै 2009, रात्री 9
करोल बागेतल्या घरी आई चिंच लावून समया घासत होती. दुसऱ्या दिवशी दिव्यांची अवस, आणि त्याच पहाटे सूर्यग्रहण. दिल्लीत ते खंडग्रास. चार पंचमांशाहून जास्त सूर्य झाकला जाणार होता. दादाचं त्यावर समाधान नव्हतं. तो तारेगनाला गेला होता. पाटण्यापासून तीसेक किलोमीटरवरचं, गयेच्या लोहमार्गावरचं हे गाव. आर्यभटाने इथून तारे मोजले, म्हणून हे नाव पडलं असं तिथले लोक मानतात. सुरतेकडून येणारी चंद्राची सावली इंदूर, भोपाळ, वाराणसी ओलांडून तिथे पोचणार होती आणि पावणेचार मिनिटं खग्रास दिसणार होतं. ढगही तिथे त्यातल्या त्यात कमी असतील, असा जाणकारांचा अंदाज होता.

पहाटे 4
"दादा, आभाळ कसंय?"
"भरलंय गं. पण माणसं केवढी आलीत! गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नाही."

5.29
स्पर्श. दिल्लीत अजून सूर्योदय व्हायचा होता. आठेक मिनिटांनी तो उगवला, तो ग्रासलेलाच. आमच्या गच्चीवर शेजारचे गलाईवाले काका आले. ते सांगलीकडचे, खानापूर तालुक्यातले. मोक्ष होईपर्यंत भट्टी पेटवायची नाही, हा त्यांचा नेम. पण ग्रहण बघायला त्यांची ना नव्हती. माझा चष्मा त्यांनी दोनदा मागून घेतला.

6.10
टीव्हीवर सुरत. तिथेही ढगच. ग्रहणाचं गणित सेकंदासकट कितीतरी वर्षं आधी मांडलेलं असतं, पण आषाढातला एक ढग कुठे थांबेल ते आदल्या रात्रीही नेमकं सांगता येत नाही. त्या घटकेला मला हे फार अन्यायाचं वाटलं.

6.20
"हलत नाहीत गं ढग." दादाचा आवाज बसला होता.

6.24
फोन चालूच होता. आधी गलका ऐकू आला, मग एकदम शांतता. "काळोख झाला," तो म्हणाला. "पश्चिमेकडून धावत आला. शेजारच्या माणसाचं तोंड दिसेना." प्रभाकिरीट नाही, हिऱ्याची अंगठी नाही. या शतकातलं सर्वांत मोठं खग्रास ग्रहण त्याच्या डोक्यावर ढगांच्या पलीकडे चाललं होतं.

6.26
करोल बागेत ग्रहणमध्य. ढगांच्या फटीतून बारीक कोर दिसली. काकांनी हात जोडले. उजेड मात्र सरला नाही, नुसता फिकट झाला.

6.28
तारेगनात उजाडलं. चष्मा दादाच्या खिशातच राहिला होता. वाराणसीच्या घाटांवर खग्रास दिसल्याचं कळलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढे शांघायमध्येही पावसाने घात केला.

7.26
मोक्ष. खाली गल्लीत "दे दान, सुटे गिराण" म्हणत कुणी आलं नाही. ते गावाकडेच राहिलं. आईने आंघोळ करून समया पाटावर मांडल्या आणि कणकेचे दिवे उकडायला ठेवले.

दादाची फेरी वाया गेली, असं आमच्याकडे पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. मी सूर्याची कोर पाहिली, पण चंद्राच्या गडद सावलीत उभा राहिला तो दादा. याहून लांब खग्रास ग्रहण थेट 13 जून 2132 ला आहे. आपल्या देशात मात्र 20 मार्च 2034 ला काश्मीर-लडाखवरून ती सावली जाणार आहे. आभाळ भरलेलं असलं तरी जा.