वर्नर, एमी

वर्नर, एमी : (१९२९–२०१७). जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकन विकासात्मक मानसशास्त्रज्ञ. गरिबी, आजारपण आणि घरातली भांडणे वाट्याला येऊनही काही मुले सुदृढ मनाची प्रौढ माणसे कशी होतात, या प्रश्नाचा त्यांनी सुमारे चाळीस वर्षे पाठपुरावा केला. त्यांचा जन्म ऱ्हाईन नदीकाठच्या एल्टव्हिल गावी झाला. बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत गेले. युद्धानंतर त्या अमेरिकेला गेल्या. नेब्रास्का विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यानंतर त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत दीर्घकाळ अध्यापन केले.

काउआई अभ्यास : हवाई बेटांपैकी काउआई हे त्या काळी उसाच्या मळ्यांचे बेट होते. मूळ हवाईयन लोकांबरोबरच जपान, फिलिपीन्स, पोर्तुगाल येथून मळ्यांवर कामाला आलेल्या मजुरांचे वंशजही तेथे राहत. १९५५ मध्ये बेटावर जन्मलेली ६९८ मुले अभ्यासासाठी निवडण्यात आली. मातांच्या गरोदरपणापासूनच नोंदी ठेवल्या गेल्या आणि पुढे १, २, १०, १८, ३२ व ४० या वयांच्या टप्प्यांवर या मुलांची माहिती पुन्हा घेण्यात आली. काउआईतील चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ रूथ स्मिथ या वर्नर यांच्या दीर्घकालीन सहकारी होत्या.

सुमारे एक तृतीयांश मुले जन्मतःच जोखमीच्या परिस्थितीत होती. बाळंतपणातील गुंतागुंत, सततची गरिबी, आईवडिलांचे अपुरे शिक्षण, घरात व्यसन किंवा मानसिक आजार, कलह वा घटस्फोट यांपैकी चार किंवा अधिक गोष्टी वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. त्यांपैकी दोन तृतीयांश मुलांना पुढे अभ्यासातील वा वर्तनातील गंभीर अडचणी आल्या. उरलेली ७२ मुले (३० मुलगे, ४२ मुली) मात्र कर्तबगार, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची काळजी घेणारी निघाली. वर्नर यांनी आपले लक्ष या मुलांवर केंद्रित केले.

निष्कर्ष : पहिल्या वर्षी घरी आलेल्या परिचारिकांना या बाळांच्या आयांनी ती चपळ, लाघवी, सांभाळायला सोपी असल्याचे सांगितले होते. पण निव्वळ स्वभावाने निभावले नाही. प्रत्येकाला जीव लावणारे निदान एक तरी माणूस लाभले होते : कुणाला आजी, कुणाला मावशी, कुणाला थोरली बहीण. घराबाहेर आवडते शिक्षक, शेजारी, चर्चमधील वडीलधारी मंडळी आणि युवक संघटना आधाराला होत्या. अनेकांवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी होती. आपली घरात गरज आहे, ही जाणीव त्यांना त्यातून मिळाली.

चाळिशीत या गटातील एकही जण बेकार नव्हता किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडला नव्हता. पौगंडावस्थेत भरकटलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. प्रौढशिक्षण, सैन्यातील नोकरी, समजूतदार जोडीदार, धर्मसमुदायाचा आधार यांनी त्यांना दुसरी संधी दिली. त्यामुळे बालपणीच सगळे ठरून जाते, ही समजूत डळमळीत झाली.

मर्यादा व महत्त्व : अभ्यास एकाच बेटावरचा आणि निरीक्षणावर आधारलेला आहे. म्हणून त्यातला प्रत्येक घटक स्वतंत्रपणे कारण ठरला, असे म्हणता येत नाही. ‘जिद्द असली की मूल आपोआप तरते’ असा अर्थ त्यातून काढणे तर सरळसरळ चूक ठरेल. जोखमीतील बहुसंख्य मुले पौगंडावस्थेपर्यंत अडचणीत आली होती, हे त्याच नोंदी सांगतात. जोखमी जितक्या जास्त, तितका आधारही अधिक लागतो, हा या संशोधनाचा गाभा आहे. त्यामुळे मुलाच्या अपयशाचे खापर एकट्या त्याच्यावर फोडता येत नाही. त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनाही जाब द्यावा लागतो.

ग्रंथसंपदा : द चिल्ड्रन ऑफ काउआई (सहलेखन, १९७१), व्हल्नरेबल बट इन्व्हिन्सिबल (१९८२), ओव्हरकमिंग द ऑड्स (१९९२) आणि जर्नीज फ्रॉम चाइल्डहूड टु मिडलाइफ (२००१) ही या अभ्यासावरील पुस्तके, शेवटची तीन स्मिथ यांच्यासह लिहिलेली. अमेरिकन यादवी युद्ध आणि दुसरे महायुद्ध मुलांनी कसे अनुभवले, यावरही वर्नर यांनी पुस्तके लिहिली. संकटातल्या मुलांच्या केवळ उणिवा न मोजता त्यांची बलस्थाने आणि त्यांना मिळणारे आधार शोधण्याची पद्धत बालविकासशास्त्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.