क्योटोतली एन्रॉन आणि गुहागरची एन्रॉन

हा भाग ऐकायला ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बसमध्ये वाचा, शेतावर वाचा, हेडफोन लागणार नाही.

आजचा विषय एन्रॉन. आपल्या पिढीला एन्रॉन दोन कारणांनी माहीत असते. एक, अमेरिकेत खोटे हिशेब दाखवून बुडालेली कंपनी. दोन, कोकणातला दाभोळ प्रकल्प. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हवामान बदल रोखायला कायदा करा, म्हणून अमेरिकी सरकारच्या मागे लागलेल्या पहिल्या मोठ्या ऊर्जा कंपन्यांपैकी ही एक होती.

ऐकायला विचित्र वाटतं ना? पण हिशेब साधा आहे. एन्रॉनकडे नैसर्गिक वायूच्या पाइपलाइन होत्या आणि वायूचा व्यापार होता. वायूवर वीज बनवली तर कोळशाच्या मानाने साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे सरकारने कार्बनवर मर्यादा घातली की कोळसा महागणार आणि वायूला गिऱ्हाईक वाढणार. शिवाय उत्सर्जनाचे परवाने बाजारात विकले जाऊ लागले, तर त्या व्यवहारात दलालीही मिळणार. हे नुसतं स्वप्न नव्हतं. आम्लपावसासाठी अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला, त्यातून सल्फर डायऑक्साइडच्या परवान्यांचा बाजार उभा राहिला आणि त्या बाजारात एन्रॉन मोठी खेळाडू झाली. कार्बनचंही तसंच व्हावं, एवढीच तिची इच्छा.

आता १९९७ साल बघा. जानेवारीत एन्रॉनने झॉन्ड ही पवनचक्क्यांची कंपनी घेतली. जुलैमध्ये अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला: विकसनशील देशांवर बंधन नसेल, तर आम्हाला असला करार नको. दहा दिवसांनी, ४ ऑगस्टला, एन्रॉनचे प्रमुख केनेथ ले व्हाइट हाउसमध्ये क्लिंटन आणि अल गोर यांच्यासमोर बसले होते. बीपीचे जॉन ब्राउन यांच्यासारखे इतर कंपन्यांचे प्रमुखही होते. विषय होता क्योटो. डिसेंबरमध्ये क्योटो करार झाला, त्यात उत्सर्जनाच्या व्यापाराची तरतूद आली. तिथे हजर असलेल्या एन्रॉनच्या माणसाने कंपनीला लिहिलेली चिठ्ठी पुढे कंपनी बुडाल्यावर उघड झाली. हा करार कंपनीच्या धंद्याला किती फायद्याचा आहे, हे त्याने आनंदाने कळवलं होतं.

इथे 'ढोंगी साले' म्हणून विषय संपवता येईल. पण मला तसं वाटत नाही. कार्बनवर मर्यादा हवी, हे म्हणणं बरोबरच होतं. ते फायद्यासाठी म्हटलं म्हणून चूक ठरत नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि तो समजायला गुहागरला यावं लागतं.

प्रकल्पाचं नाव दाभोळ असलं तरी तो दाभोळला नाही. तो वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या भागात आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचा समझोता झाला. स्पर्धेची निविदा नव्हती. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर २,०१५ मेगावॉट वीज. १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारलं: एवढ्या विजेची आत्ता गरज नाही, कोळशापेक्षा ही महाग पडेल, मंडळाला झेपणार नाही. तरी डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' ही घोषणा गाजली. युती सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्द केला आणि काही महिन्यांत नव्या अटींवर, आधीपेक्षा मोठा, पुन्हा केला. पहिला टप्पा वायूवर नाही, तर नाफ्थ्यावर चालवायचं ठरलं. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये वायूचे गोडवे चालू असताना इथे टर्बाइनमध्ये जाणार होता नाफ्था.

आणि करार कसा? वीज घ्या किंवा नका घेऊ, स्थिर आकार द्यायचाच. हिशेब डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, राज्य चुकलं तर केंद्राची प्रतिहमी. सोप्या भाषेत: रुपया घसरला, नाफ्था महागला, मागणी कमी झाली, तरी झळ कंपनीला नाही, आपल्याला. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. पुढच्या वर्षी काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि प्रकल्प २००६ पर्यंत बंद पडून राहिला.

मी नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटचा. गुहागर म्हणजे राज्याचं दुसरं टोक. पण मंडळ एकच होतं. दाभोळची वीज विकत घेणारं मंडळच कोरीटच्या शेतपंपाला वीज देत होतं. मी शाळेत होतो तेव्हा भारनियमन म्हणजे रोजचं वेळापत्रक होतं, आणि त्याच काळात कोकणात एवढं मोठं वीज केंद्र कुलूप लावून उभं होतं. भारनियमनाचं कारण एकटी एन्रॉन नाही, हेही खरं. पण चुकीचा करार किती लांबपर्यंत पोचतो, ते इथून दिसतं.

आणि एक तारीख. ३ जून १९९७. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या १९९९ च्या अहवालात नोंद आहे की त्या पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमारांच्या घरात घुसले, आंदोलनातल्या बायांना मारत ओढून नेलं. प्रकल्पावरच्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे कंपनी सरकारला देत होती, असंही त्यात आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी व्हाइट हाउसमधली ती बैठक.

कंपनी तीच, वर्षही तेच. मग फरक कशात? अमेरिकेत ती कायदा मागत होती. तिथे सिनेट नाही म्हणू शकत होती, आणि म्हणालीही. इथे ती करार मागत होती, आणि तो लोकांनी वाचायच्या आधीच सह्या झाल्या होत्या. हवामानाचा मुद्दा खरा असला तरी जोखीम कोणाच्या अंगावर ढकलली, हे त्या मुद्द्यावरून कळत नाही. ते करारातल्या अटींवरून कळतं.

हे आज का सांगतोय? केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जाहीर केली. रिफायनरी, पेट्रोकेमिकल, सिमेंट अशा उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्यं, आणि त्याहून चांगली कामगिरी केली तर विकता येतील अशी क्रेडिट. लक्ष्य सैल ठेवायचं की कडक, यावर कंपन्या दिल्लीत बोलणारच, तो त्यांचा हक्क आहे. आमच्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतायत, सोलरसाठी जमिनी मागितल्या जातायत. हे व्हायलाच हवं. फक्त तुमच्या गावात असा कोणी आला, तर 'पर्यावरणाला चांगलं आहे का?' यावर थांबू नका. पुढचे तीन प्रश्न विचारा: दर कशाशी बांधलाय? वीज विकली गेली नाही तर पैसे कोण भरणार? आणि सहीच्या आधी कागद ग्रामसभेला वाचायला मिळणार का?

तुमच्या भागात असा एखादा करार झाला असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या अटी एकत्र बसून वाचू.