एफपीजीए : मुक्तस्रोत मांडणी व मार्गजोडणी

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-१’ व ‘इंडस-२’ ही सिंक्रोट्रॉन विकिरणाची यंत्रे आहेत. ‘इंडस-२’मध्ये इलेक्ट्रॉनांना ऊर्जा पुरवणाऱ्या ५०५.८ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या नियंत्रणासाठी एफपीजीएवर आधारित अंकीय प्रणाली विकसित करण्यात आली आहे. कारखान्यातून बाहेर पडल्यावरही आतली रचना हवी तशी बदलता येते, ही एफपीजीए चिपची खासियत होय.

या चिपवर मंडल उतरवताना कोणता तर्कघटक कुठे बसवायचा (मांडणी) आणि त्यांना कोणत्या तारांनी जोडायचे (मार्गजोडणी) हे संगणक ठरवतो. हे काम दीर्घकाळ चिप-उत्पादकाच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर अवलंबून होते. चिपमध्ये भरायच्या बिटप्रवाहाची रचना उत्पादक उघड करत नसत. २०१५ मध्ये क्लेअर वुल्फ आणि मथियास लासर यांच्या ‘आइसस्टॉर्म’ प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या ‘आइस-४०’ चिपपुरते ते रहस्य उलगडले. २०१८ पासून ‘नेक्स्टपीएनआर’ हे मुक्तस्रोत साधन उपलब्ध झाले.

डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर ‘योसिस’, ‘नेक्स्टपीएनआर’ व ‘आइसस्टॉर्म’ ही पॅकेजेस थेट बसवता येतात. व्हेरिलॉगमधील आराखड्याचे योसिस जेसॉन फाइलमध्ये रूपांतर करते. नेक्स्टपीएनआरला ती फाइल, चिपचा प्रकार आणि पीसीएफ फाइल द्यावी लागते. कोणता संकेत कोणत्या पिनेवर न्यायचा, हे पीसीएफ फाइलमध्ये लिहिलेले असते. ती न दिल्यास पिना आपोआप ठरतात आणि बोर्डावरील जोडण्यांशी त्यांचा मेळ बसत नाही. शेवटी ‘आइसपॅक’ बिटप्रवाह तयार करते व ‘आइसप्रोग’ तो बोर्डावर चढवते.

वेळेची तपासणी मात्र डोळसपणे करावी. घड्याळाचा वेग सांगितला नाही, तर नेक्स्टपीएनआर १२ मेगाहर्ट्झ गृहीत धरते. त्यामुळे ४८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालणारा आराखडा अहवालात उत्तीर्ण दिसूनही बोर्डावर चुकीची उत्तरे देऊ शकतो. वेग थोडक्यात कमी पडत असल्यास सुरुवातीचा ‘सीड’ आकडा बदलून पुन्हा मांडणी करून पाहावी. फरक मोठा असेल, तर मूळ आराखडाच सुधारावा लागतो.

सर्वच चिपना ही साधने चालत नाहीत. म्हणून बोर्ड विकत घेण्यापूर्वी चिपचे नाव तपासणे आवश्यक आहे. साध्या संगणकावर, परवान्याविना आणि प्रत्येक टप्पा उघडून पाहत शिकण्याची सोय हे त्यांचे विद्यार्थ्यांसाठी खरे मोल आहे.